परसातली वेधशाळा

परस आहे म्हटलं की अंबरनाथ पश्चिमेतल्या माझ्या मैत्रिणी हेवा करतात. परस कसलं, दहा-बारा फुटांचा तुकडा! तुळस, कढीलिंब, धुण्याचा दगड आणि सासूबाईंची पापड वाळवायची बाज. त्यातच मी दुर्बिणीला जागा मागितली.

त्याचं असं झालं. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ सालापासूनचं. रात्रभराच्या आकाशदर्शनाला ही मंडळी वांगणीला येतात. आमच्याकडून बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन. हे आणि चिरंजीव दोनदा जाऊन आले. मी दोन्ही वेळा डबे करून दिले. सासूबाईंना रात्री एकटं कसं ठेवायचं? शाळेत शनीची कडी फळ्यावर काढून दाखवते मी, पण स्वतः कधी पाहिली नव्हती, हे मनाला लागलं. अर्धवेळ नोकरीतले थोडे पैसे साठले होते. म्हटलं, आपल्याला जाता येत नाही ना, मग घरीच सोय करू.

हे म्हणाले, "गच्चीवर ठेव की." पण गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो नि रात्री ऊब सोडत राहतो, तापल्या तव्यावरची हवा हलते ना, तसा तारा हलतो. शिवाय कुणी चाललं तरी दुर्बीण थरथरते. म्हणून परसात फूटभर उंचीचा सिमेंटचा ओटा बांधला, भोवतालच्या फरशीपासून चार बोटं सुटा. त्यावर सहा इंची आरशाची दुर्बीण. वरून पत्र्याची खोपटी, तिला सरकत्या गेटची चाकं. लोटली की आकाश मोकळं. वेल्डिंगवाल्याने दोनदा विचारलं, "ताई, कोंबड्या पाळणार का?"

पावसाळ्यात आरशाला बुरशी धरते. तेव्हा दुर्बीण घरात, झाकण लावून, आत सिलिका जेलच्या पुड्या. लोणच्याच्या बरणीसारखी जपते. शेजारच्या वहिनींच्या मागच्या दाराचा दिवा नेमका डोळ्यांत यायचा. दोन वेळा अळूवड्या पोचवल्या. आता नऊनंतर मालवतात.

चंद्र, गुरूचे चार उपग्रह सगळं घर बघून गेलं. सासूबाई मात्र फिरकेनात. आपण होऊन शनीकडे बघायचं म्हणजे काय! २०२५च्या नोव्हेंबरात आल्या एकदाच्या. आणि कडी होती कुठं? साधारण दर पंधरा वर्षांनी ती आपल्याला नुसती कडेवरून दिसतात, ते नेमकं त्याच वर्षी. मोत्यातून सुई आरपार जावी तशी बारीक रेघ! मला रडू यायचंच बाकी होतं.

सासूबाई मात्र डोळा लावून पुष्कळ वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढुसा हा? ह्याला मी पन्नास वर्षं तेल घालतेय?"

मी सांगितलं, आता वर्षागणिक कडी उघडत जातील, २०३२च्या सुमाराला पुरती पसरलेली दिसतील. त्यांनी बोटांवर आपल्या वयाचा हिशेब केला.

"बघू. तोवर त्या चाकांना तेल घालत जा, गंजतील."