आमची बिनपैशाची सुट्टी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळ्या मुलांना आनंद होतो. मलाही झाला. पण या सुट्टीत माझ्याकडे एक काम होते. ते म्हणजे धाकट्या बहिणीला सांभाळणे.

आमचे गाव केज तालुक्यात आहे. आमच्या बीड जिल्ह्यातून पुष्कळ लोक ऊस तोडायला जातात. कोणी सांगली, कोल्हापूरकडे जातात, कोणी कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माझे आई-वडीलही जातात. मी शाळेसाठी आजीजवळ राहतो. धाकटी चार वर्षांची आहे, म्हणून आई तिला बरोबर नेते. कारखान्याचा पट्टा पडला की ते परत येतात. यंदा ते पाडव्यानंतर आले.

धाकटी मला विसरून गेली होती. मी "ये" म्हणालो तर ती आईच्या मागे लपली. मला फार वाईट वाटले.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. आई रोजाने धसकटं वेचायला जायची. वडील शेतात जायचे. अंगणवाडी सकाळचीच असते, मग दुपारभर धाकटी घरी. आजीचे गुडघे दुखतात. आजी म्हणाली, "आता तूच बघ बाबा हिच्याकडं."

एके दिवशी माझे मित्र पोहायला निघाले. धाकटी झोपली होती, म्हणून मीही हळूच गेलो. थोड्या वेळाने आजीची हाक ऐकू आली. धाकटी उठून आईला शोधायला एकटीच निघाली होती. ती पायवाटेने जुन्या विहिरीपर्यंत गेली होती. त्या विहिरीला कठडा नाही. शेजारच्या काकूंनी पाहिले म्हणून बरे झाले. आजीने मला मारले नाही. पण रात्रीपर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही. मला भाकर गेली नाही. तेव्हा मी ठरवले की आता घराजवळच खेळायचे, आणि धाकटीला करमेल असेच खेळायचे.

माझ्या मामाची मुलगी पुण्याला असते. तिथे सुट्टीत लहान मुलांची शिबिरे असतात. चित्रे काढायला शिकवतात, मातीच्या वस्तू शिकवतात. पण त्याला पैसे भरावे लागतात. मी म्हटले, माती तर आमच्याकडे लई आहे!

आमच्या दारात निंबाचे झाड आहे. त्याच्या सावलीत आम्ही खेळू लागलो. गल्लीतली आणखी पाच-सहा लेकरं आली. सावलीच्या कडेला आम्ही दगड ठेवायचो. सावली दगडाच्या पुढे सरकली की आमचा डावही सरकायचा. उन्हात जायचे नाही, हा आमचा नियम होता.

आजीने चिंचा फोडल्या होत्या. तिच्याकडून चिंचोके घेतले. चिंचोका दगडावर घासून फोडला की त्याच्या दोन डाळी होतात. एक बाजू पांढरी आणि एक बाजू तपकिरी. अशा चार डाळी टाकायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील तितके घर पुढे जायचे. चारही पालथ्या पडल्या तर आठ! धाकटी या खेळात आठपर्यंत मोजायला शिकली.

मग आम्ही काळ्या मातीचे बैल केले. पण नवे पाणी घ्यायचे नाही, हात धुतलेले पाणीच घ्यायचे, असे आजीने बजावले. आजी सांगते की २०१६ साली आपल्या तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. तेव्हा लातूरच्या लोकांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून आम्ही पाणी सांडत नाही. एका फुटक्या मडक्यात चिमण्यांसाठी मात्र रोज पाणी ठेवले.

सगळ्यांनी बैल केले, पण धाकटीने कोयता केला. मग तिने वाळक्या काड्या गोळा केल्या, चिंधीने बांधल्या आणि डोक्यावर घेऊन चालू लागली. लेकरं हसली. ती रडायला लागली. मी विचारले, "हे काय गं?" ती म्हणाली, "मोळी." फडात तिने रोज हेच पाहिले होते. तिला दुसरा खेळ कुठून येणार? मग मीपण एक मोळी बांधली व तिच्या मागे चाललो. मग सगळेच आले. दहा काड्यांची एक मोळी. दोन विटांची गाडी केली. गाडी भरली की धाकटी ओरडायची, "चला!" त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दादा म्हणाली.

सुट्टीच्या शेवटी निंबोळ्या पडू लागल्या. त्या आम्ही वेचून वाळवल्या. निंबोळीचा अर्क पिकावर फवारतात. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्यांची पूड लागते. आमच्या पाच किलो भरल्या नाहीत, तरी वडिलांनी शाबासकी दिली.

आता शाळा सुरू झाली आहे. मी चौथीत गेलो. दिवाळीनंतर आई-वडील पुन्हा जातील. आजी म्हणते, "यंदा धाकटीला इथंच ठेवू." आई काही बोलत नाही. अजून ठरले नाही. मी आईला सांगितले आहे, मी शाळेतून थेट घरी येईन आणि तिला सांभाळीन. ती गेलीच तर चिंचोक्याच्या चार डाळी मी तिला बांधून देणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान लेकरं असतील तर त्यांना सावलीत घेऊन खेळा. चिंचोके, माती, काड्या, कशालाच पैसा लागत नाही. फक्त त्यांना एकटे सोडून जाऊ नका.

— इयत्ता ४ थी