चाळ कुठं गेली?

सप्टेंबर 2025. ऐन गणपतीत अरुण गवळी नागपूरच्या तुरुंगातून जामिनावर सुटला आणि आपल्या रहिमतपुरातल्या चार-पाच पोरांच्या स्टेटसला पांढरी टोपी झळकली. मागं 'दगडी चाळ' पिक्चरचं म्युझिक. 2004 ला तो चिंचपोकळीचा आमदार झाला तेव्हा यातली निम्मी पोरं जन्मालाही आली नसतील. त्यांना गवळी माहीत नाही हो, मकरंद देशपांडे माहीत आहे. म्हणून आज पिक्चरवरच लिहितो.

पहिला 'दगडी चाळ' आला 2 ऑक्टोबर 2015 ला. मी नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना घेऊन साताऱ्याला बघायला गेलो. नाना परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. खोली एक, राहणारे पंधरा, पाळीप्रमाणं झोपायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. नानांनी वर्षभर कळ काढली आणि मग ट्रंक घेऊन रहिमतपूर स्टेशनवर उतरले ते कायमचेच. आपल्या भागातल्या किती घरांत हीच गोष्ट आहे, कमेंटमध्ये सांगा.

तर त्या पिक्चरमध्ये पैसा दिसत नव्हता, पण माणसं दिसत होती. अंकुश चौधरीचा सूर्या साध्या घरातला, ओढला जातो आणि अडकतो. हाणामारी सुरू झाली की आपल्याला त्याच्या घरच्यांची काळजी वाटायची. डॅडी कमी बोलायचा, म्हणून भीती वाटायची. 'मन धागा धागा' तर पुढं दोन वर्षं आपल्याकडं प्रत्येक लग्नात वाजलं. नाना अख्ख्या पिक्चरभर गप्प होते. त्यांच्याकडून ती पसंतीच.

ऑगस्ट 2022 ला दुसरा भाग आला. दिग्दर्शक तेच चंद्रकांत कणसे, अंकुश, पूजा सावंत, मकरंद देशपांडे सगळे तेच. आम्ही पुन्हा गेलो. यावेळी डेझी शाहचं आयटम साँग होतं, स्लो मोशन होतं, डॅडी आला की पार्श्वसंगीत दणाणायचं. इंटरव्हलला नाना म्हणले, "चाळ कुठं गेली रं?"

मला वाटतं दोन्ही भागांतला सगळा फरक त्या एका प्रश्नात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'केजीएफ'चा दुसरा भाग येऊन गेला होता. तसली मारामारी करायला तसला पैसा लागतो. आपल्या मराठी निर्मात्याकडं तो नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. पण ज्याच्याकडं पैसा नाही त्यानं ओळखीची खोली, ओळखीची माणसं सोडून कसं चालेल? ती सोडली की उरते नुसती टोपी. पहिल्या भागात निदान टोळीत जायची किंमत दिसत होती, दुसऱ्यात डॅडीचा रुबाबच जास्त दिसतो. अंकुशनं जीव ओतलाय, त्याला बोल लावत नाही.

आणि हेही सांगितलं पाहिजे. हे दोन्ही भाग थेटरात होते तेव्हा खरा गवळी नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगत होता. शिक्षा 2012 ची. स्टेटस ठेवणाऱ्या एकालाही हे नाव माहीत नव्हतं. मी विचारलंय.

त्यातलं एक पोरगं आमच्याच भावकीतलं. आरतीनंतर ते नानांशेजारी येऊन बसलं. "नाना, तुम्ही डॅडीला बघितलं होतं का?"

नाना म्हणले, "त्याला नाही बघितलं. आमच्या खोलीतलं एक पोरगं संपानंतर असल्याच एका टोळीला लागलं होतं. त्याची आई बॉडी न्यायला गावाकडनं आली होती, तिला बघितलं. तिला इस्पितळाचा रस्ता ठाव नव्हता, म्हणून मीच संगं गेलो."

पोरगं थोडा वेळ बसलं. मग प्रसाद घेऊन गेलं.