दीड लिटर दूध आणि 'सी'



धाकटीचा 'सी'चा पेपर राहिला. पॉलिटेक्निकचं पहिलंच वर्ष. निकाल कळला तेव्हा मी गॅसपाशी होते, तिथूनच बोलून गेले, "दिवसभर मोबाइल बघितला की असंच होणार." ती काही न बोलता ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी तिने वही माझ्यासमोर ठेवली. "मम्मी, तू एकदा करून बघ. मग बोल."

मी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरशी संबंध टॅलीपुरता. पण शब्द लागला. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत उरकतात, संध्याकाळ मोकळीच असते. बसले.

तिच्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' होतं. पुस्तक चांगलं, पण इंग्रजीतून मला एकदम झेपेना. मग तिनेच आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' दाखवले. छोटे छोटे व्हिडिओ, आणि सी चक्क मराठीत! ऐकायचं, थांबवायचं, तसंच आपण करायचं.

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. आपण लिहिलेलं कम्पायलर आधी सगळं तपासतो, यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि मगच ते चालवता येतं. मला ते गहू निवडण्यासारखं वाटलं. पोळ्या लाटता लाटता कोणी गहू निवडत नाही.

पहिला प्रोग्राम वहीतून उतरवला आणि तिथेच अडले. वहीत 'कोनिओ डॉट एच' होतं. ते जुन्या टर्बो सीचं, आमच्या लॅपटॉपवरच्या जीसीसीला माहीतच नाही. ती ओळ आणि 'क्लिअरस्क्रीन'ची ओळ काढली, तर एक महिरपी कंस विसरलेला. चुकांची यादीच आली. माझा धीर सुटला. लेक म्हणाली, "वरची पहिली चूक आधी बघ. खालच्या पुष्कळ तिच्यामुळेच असतात." खरंच, एक कंस घातला आणि यादी गेली.

मग हुरूप आला. दुधाचा हिशोब लिहिला: रोज दीड लिटर, 60 रुपये लिटर, 30 दिवस. एकही चूक निघाली नाही. उत्तर आलं 1800 रुपये. बोटांवर मोजलं तर 2700! अर्धा तास शोधत होते. दीड लिटर मी 'इंट'मध्ये ठेवलं होतं. इंटमध्ये फक्त पूर्ण आकडे मावतात, वरचं अर्धं लिटर गुपचूप सांडलं. कम्पायलर चकार शब्द बोलला नाही. लिटर आणि एकूण रक्कम दोन्ही 'फ्लोट' केल्यावर, आणि छापताना 'टक्का डी'च्या जागी 'टक्का एफ' लिहिल्यावर, 2700 आले.

लिहिण्यातली चूक यंत्र दाखवतं. मनात काय होतं ते त्याला कळत नाही. सामायिकाचे पाठ बिनचूक म्हणताना माझंही मन कितीदा कुकरच्या शिट्ट्या मोजत असतं, ते त्या रात्री आठवलं.

आणि लेकीचं आठवलं. ती वही उघडून तासन् तास बसायची, ते मी पाहिलं होतं. तरी निकालावरून बोलले. तिला म्हटलं, "चुकलं माझं." क्षमापनेला आपण साऱ्या गावाला मिच्छामि दुक्कडम म्हणतो, घरात मात्र जीभ जड होते. ती हसून म्हणाली, "मम्मी, 'टक्का पॉइंट दोन एफ' लिही, म्हणजे दोनच दशांश येतील. एवढे शून्य कशाला?"

पेपर पुन्हा द्यायचाय. सध्या आम्ही दोघी 'फॉर लूप'वर आहोत. तुमच्याही घरी असा एखादा पेपर राहिला असेल, तर ओरडण्याआधी एक प्रोग्राम स्वतः लिहून बघा. दुधाचाच लिहा.