जॉइनर

तो दिसत नाही. छापला तर शाई लागत नाही, पडद्यावर जागा अडवत नाही. कर्सर त्याच्यावरून जाताना कधीतरी क्षणभर अडखळतो, तेवढीच त्याची खूण. युनिकोडच्या यादीत मात्र त्याची रीतसर नोंद आहे: झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक 200डी. शेजारच्या अक्षरांनी एकमेकांशी कसे वागायचे, हे तो ठरवतो. पाय मोडलेला क आणि ष यांच्यामध्ये तो बसला की क्ष होत नाही, क्‍ष होते. मोबाइलवर आई, बाबा आणि मुलगी एकाच चित्रात दिसतात, तीही त्यानेच जोडलेली असतात.

छत्रपती संभाजीनगरात त्याला रोजचे काम आहे. हे पुऱ्यांचे शहर. औरंगपुरा, उस्मानपुरा, बेगमपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा. नुसते नाव घेतले तर अडत नाही. पण माणूस पुऱ्यात राहतो, पुऱ्यातून येतो, आणि विभक्ती लागली की र ची पंचाईत होते. त्याचा पाय मोडला आणि पुढे य आला की संगणक सवयीने रफार काढतो, ‘सूर्य’मध्ये काढतो तसा. मराठीला इथे रफार नको असतो. र ने य च्या अलीकडे, पापणीच्या केसासारखे वाकून बसायचे असते. जॉइनर मध्ये शिरतो आणि रफाराला अडवतो. तो नसेल तर वेरूळच्या पायऱ्या, घृष्णेश्वराचा गाभाऱ्यातला अंधार आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या दऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर रफार चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. कागदावर मराठी वाचणारा ही चूक तिथल्या तिथे पकडतो. इंटरनेटच्या पत्त्यात ती पकडणारे कोणी नसते.

कारण पत्त्यांची ही यंत्रणा रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ यांवर चालत आली आहे. आपण ‘भारत’ लिहितो, आत त्याचे ‘एक्सएन--एच2बीआरजे9सी’ होते. डॉट भारत हे देवनागरी टोक 27 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाले, तेव्हा मराठीत पूर्ण पत्ता घेण्याची सोय झाली. पण जॉइनरचा प्रश्न त्याच्या आधीपासूनचा आहे. 2003 च्या नियमांनी त्याला सरळ गाळून टाकले होते: पत्त्यात आला तर काहीच आले नाही असे समजा. समजा, औरंगपुऱ्यातल्या एखाद्या पुस्तकविक्रेत्याने ‘औरंगपुऱ्यातलीपुस्तके’ असे नाव जॉइनर वापरून टाइप केले. यंत्राने जॉइनर काढला, आणि उरला तो ‘औरंगपुर्यातली’चा, रफाराचा पत्ता. 2010 मध्ये नियम बदलले. जॉइनरला प्रवेश मिळाला, एका अटीवर: त्याच्या लगेच आधी पाय मोडलेले अक्षर असले पाहिजे. र च्या बाबतीत ते असतेच.

त्यानंतरची काही वर्षे मला सर्वांत त्रासाची वाटतात. काही ब्राउझर जुना नियम पाळत होते, काही नवा. म्हणजे एकच नाव, तेच स्पेलिंग, आणि दोन ब्राउझरांत दोन वेगळे पत्ते. सिंहली लिपीत ‘श्री’ लिहायलाही जॉइनर लागतो, त्यामुळे श्रीलंकेच्या लोकांचीही हीच अडचण. क्रोमने नवा नियम स्वीकारला तो 2023 च्या फेब्रुवारीत. त्याच महिन्यात या शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली.

मग सगळे सुरळीत झाले का? नाही, आणि याचे कारण जॉइनरच्या स्वभावातच आहे. ‘संस्था’ हा शब्द घ्या. पाय मोडलेल्या स च्या पुढे, थ च्या आधी जॉइनर सरकवला तर अट पाळली जाते, आणि बहुतेक फाँटमध्ये शब्द तसूभरही बदलत नाही. डोळ्याला एकच संस्था दिसते, यंत्राला दोन. बँकेचे, रुग्णालयाचे, पतपेढीचे नाव असे दुहेरी झाले तर ठेवीदाराने कशावर विश्वास ठेवायचा? म्हणूनच डॉट भारतसारख्या सर्वांत वरच्या नावांमध्ये जॉइनरला आजही मज्जाव आहे. मला तो योग्य वाटतो. जो दिसत नाही त्याच्या भरवशावर पत्ता ठेवू नये.

शिवाय मराठीचे त्याच्यावाचून अडत नाही. खाली टिंब असलेला ऱ हे वेगळे, डोळ्यांना दिसणारे अक्षर आहे. 1991 च्या भारतीय प्रमाण संकेतावलीची रीत हीच होती: ऱ चा पाय मोडा, पुढे य किंवा ह ठेवा, पापणीतला र आपोआप येतो. युनिकोडने ही रीतही ठेवली आणि जॉइनरची जुनी वाटही. वरच्या नावांसाठी देवनागरीची जी नियमावली झाली तिच्यात ऱ ला जागा मिळाली, ती याच मराठी गरजेपोटी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबले की तो उमटतो.

अडचण जुन्या मजकुराची आहे. पत्रिका, जाहिराती, दुकानांची माहितीपत्रके यांत जॉइनर घालून लिहिलेले ‘पुऱ्यात’ आणि ऱ ने लिहिलेले ‘पुऱ्यात’ शेजारी शेजारी नांदतात आणि छापून आल्यावर त्यांत फरक करता येत नाही. तिथून नाव उचलून पत्त्याच्या चौकटीत चिकटवले की जॉइनरही सोबत येतो. नाव नोंदवून घेणाऱ्यांनी अशा वेळी नुसते ‘चालत नाही’ असे सांगून ग्राहकाला परत पाठवू नये; र, जॉइनर आणि य दिसताच ऱ सुचवावा. ज्याला मराठी पत्ता हवा आहे त्यानेही नाव चिकटवण्याऐवजी नव्याने टाइप करावे, आणि पापणीतला र आला की शिफ्ट दाबून ऱ काढावा.