कापडवाल्याचं हॉटेल, औषधवाल्याची चित्रं

"सर, आपल्याकडे सिनेमा पहिल्यांदा एका कापडवाल्याच्या हॉटेलात दाखवला, ठाऊक आहे?" माजी विद्यार्थी सहज बोलून गेला आणि अंबाजोगाईच्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी मुंबईची रात्रीची गाडी धरली.

लॉज मिळाला तो बिनखिडकीचा. गरम पाण्याच्या बादलीचे पैसे वेगळे. चरफडतच सरांनी गेटवेला लांबूनच रामराम केला आणि काळा घोडा गाठला.

ते हॉटेल इथलंच. बांधणारा जॉन वॉटसन इंग्लंडहून आलेला कापडव्यापारी. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लोखंडी खांब आणि तुळया विलायतेत ओतून बोटीने आणल्या आणि 1867 ते 1869 मध्ये इथे सांगाडा उभा केला. मार्क ट्वेन इथेच उतरला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं इथे दाखवली, तिकीट एक रुपया. लगेच ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. पुढे 1899 मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. वॉटसनच्या गावीही हे नसणार. तो 1871 मध्येच वारला होता.

"टाटांना इथे आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी ताज बांधलं," शेजारी एक गाईड पाहुण्यांना सांगत होता. सर मध्येच बोलले: चार्ल्स ॲलन या इतिहासकाराला ही गोष्ट पटत नाही. शहराला शोभेल असं हॉटेल हवं, हा एका संपादकाचा आग्रह होता, असं तो म्हणतो. सरांचंही तेच मत. 1903 मध्ये उघडलेलं एवढं हॉटेल रागाच्या भरात उभं राहत नाही.

"काका, लोकांना तीच गोष्ट आवडते," गाईड म्हणाला.

सरांचा जीव रमला तो जवळच्या रॅम्पार्ट रोवर. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या तिथल्या दालनात 1949 मध्ये प्रोग्रेसिव्ह या गटातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्ना सोडून आलेल्या इमॅन्युएल श्लेसिंगर या ज्यू उद्योजकाने मुंबईत इंडो-फार्मा ही औषधकंपनी काढली आणि याच गटातल्या हुसेन, रझा, आरा यांची चित्रं तो विकत घेऊ लागला. वाहवा करणारे पुष्कळ असतात. नाव नसलेल्या चित्रकारासाठी खिशात हात घालणारा विरळा. वॉटसनकडून कलेची सेवा घडली ती योगायोगाने. श्लेसिंगरने ती जाणूनबुजून केली, म्हणून सरांच्या लेखी तोच मोठा.

वॉटसनची इमारत, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, 2019 मध्ये रिकामी केली. पाहायला जाल तर समोरच्या फुटपाथवरूनच पाहा. 2005 मध्ये तिची बाल्कनी कोसळून एकाचा जीव गेला होता.