मधला तुकडा

‘ब्रुनेई? ते नक्की कुठे आलं?’ २०१८मध्ये कंपनीनं मला चार महिन्यांसाठी तिथे धाडलं, तेव्हा घरात प्रत्येकानं हेच विचारलं. खोटं कशाला बोलू, मीही गुगलच केलं होतं! बोर्निओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा देश. क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा जरासा मोठा. सुलतान, तेल, सोनेरी घुमट. इन्कम टॅक्स नाही! (बारही नाही, मित्रांनो.)

नकाशात मात्र एक गोष्ट खटकली. एवढासा देश आणि तोही दोन तुकड्यांत! मधे पाचरीसारखा घुसलेला मलेशियाचा लिंबांग.

याचा अर्थ कळला एका संध्याकाळी. ऑफिसातला मित्र तेंबुरोंगचा, म्हणजे पूर्वेकडच्या तुकड्यातला. आई आजारी असल्याचा फोन आला, तोवर स्पीडबोटी बंद झालेल्या. उरला लिंबांगमधून जाणारा रस्ता. ब्रुनेईतून बाहेर, मलेशियात आत, मलेशियातून बाहेर, परत ब्रुनेईत आत. चार वेळा पासपोर्ट! सोबत जायची इच्छा असून मला जाता आलं नाही. मलेशियाचा व्हिसा कुठे होता?

हा तुकडा गेला कसा? १५२१मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतला पिगाफेट्टा इथे आला, तेव्हा त्यानं पाण्यात उभ्या शहराचं वर्णन लिहून ठेवलं: २५ हजार चुली! पाण्यावरची ती वस्ती, कांपोंग आयर, आजही नांदते आहे. बोर्निओ हे नावही ब्रुनेईवरूनच पडलं. पण १८४१मध्ये जेम्स ब्रुक हा इंग्रज सारावाकचा राजा झाला आणि ब्रुक घराणं हळूहळू सरकत आलं. १८८८मध्ये ब्रुनेईनं ब्रिटनचं संरक्षण घेतलं. दोनच वर्षांनी चार्ल्स ब्रुकनं लिंबांग घेतलं आणि संरक्षकांनी ते चालू दिलं! सुलतान हाशिम यांनी ते कधीच मान्य केलं नाही. पुढे १९२९मध्ये सेरियाला तेल सापडलं, १९८४मध्ये देश स्वतंत्र झाला. पैसा आला, तुकडा नाही आला.

हे वाचताना मला आमचं कोकणातलं घर आठवायचं. वाटणीनंतर काकांनी मधली पट्टी विकली. विहीर पलीकडे राहिली. बाबा काकांशी बारा वर्षं बोलले नव्हते.

१७ मार्च २०२०. मित्राचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. लिंबांगला वळसा घालून थेट समुद्रावरून जाणारा, सुमारे ३० किलोमीटरचा पूल! कोरोनामुळे मलेशियाची सीमा बंद होत होती, म्हणून तो ठरल्याआधीच खुला केला होता. खाली लिहिलं होतं, ‘आईकडे पोचलो. पासपोर्ट घरीच आहे.’

फोटो बाबांना दाखवला, सगळी हकिकत सांगितली. ते काहीच बोलले नाहीत.

रात्री त्यांनी काकांना फोन लावला. ‘तब्येतीला जप रे,’ एवढंच म्हणाले. पट्टीचा विषय कोणीच काढला नाही.