चाळिशी आणि तिरकामठा

न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती पाहून आलेली मंडळी आपल्याकडे आता आळीआळीत भेटतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा माझा मुळीच विचार नाही. वाचकांना मी नेणार आहे ते विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबू नावाच्या लहानशा गावी. मॅडिसनला माझा मावसभाऊ असतो. तिथून मोटारीने तासाभराची वाट. सप्टेंबर सरत आला की इथे मेपलची पाने लाल होऊ लागतात, मक्याची शेते वाळून सळसळतात, नदीकाठी क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. आणि गावातले चारचौघांसारखे गृहस्थ पहाटे उठून तिरकामठा घेऊन रानाची वाट धरतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार आठवणींच्या पुस्तकांत जाऊन बसली. इथे ती कायद्याने आखून दिलेली आहे. केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम विस्कॉन्सिनने १९३४ साली सुरू केला, तो बाराबूच्या सॉक जिल्ह्यात आणि शेजारच्या कोलंबियात. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात अवघा ९ दिवसांचा. धनुष्याचा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारी उजाडेपर्यंत. या औदार्यामागे हिशेब आहे. बाणाचा पल्ला थोडा, म्हणून हरणे थोडी पडतात. म्हणून दिवस पुष्कळ.

भावाने मला तिरंदाजीच्या एका दुकानात नेले. किमतीची चिठ्ठी वाचायला मी खिशातून चाळिशी काढली, तसा गल्ल्यावरचा म्हातारा हसला. त्याच्या गळ्यातही दोरीला चष्मा लोंबत होता. मग त्याने आपल्या धंद्यातले दुखणे मला समजावून सांगितले.

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग ताठर होते. धनुर्धाऱ्याला तर तीन ठिकाणी पाहायचे असते: प्रत्यंचेवर डोळ्याशी बसवलेले छिद्र, हातभर अंतरावर धनुष्याला लावलेला नेमाचा ठिपका, आणि वीस-पंचवीस पावलांवरचे हरीण. ठिपका पाहावा तर हरीण धूसर. हरीण पाहावे तर ठिपक्याचे दोन होतात. द्रोणाचार्यांनी परीक्षा घेतली तेव्हा शिष्य सगळे तरुण होते, हे त्यांचे भाग्य! द्विभिंगी चष्माही इथे उपयोगी पडत नाही. नेम धरताना मान वळलेली असते आणि नजर जाते ती नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून; जवळचे भिंग खालीच राहते.

उपाय आहेत. छिद्र बारीक करावे. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून पाहिले तर अक्षरे स्पष्ट दिसतात, तसाच हा प्रकार. पण बारीक छिद्रातून उजेडही बारीकच येतो, आणि हरणे हिंडतात ती पहाटे नि तिन्हीसांजेला. दुसरा उपाय, छिद्रातच मुगाएवढे भिंग बसवायचे. तिसरा, धनुष्यावर दुर्बिणीचे भिंग. चौथा, बॅटरीवर चालणारी रोषणाई.

इथे कायदा आडवा येतो. चष्म्याला कोणी हरकत घेत नाही; बाकीच्या गोष्टींचे नियम राज्यागणिक बदलतात. कोलोरॅडोत हरणावर सोडायच्या बाणाचे पाते किमान ७/८ इंच रुंद हवे, धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड हवा. आणि धनुर्धाऱ्यांच्या हंगामात धनुष्यावर दुर्बीण वा नेमाला मदत करणारे बॅटरीचे यंत्र चालत नाही. विस्कॉन्सिन सैल हाताचे. दृष्टी अधू असल्याचा दाखला असेल त्याला वेगळा परवाना मिळतो. डोळस सोबती बरोबर घेऊन तो लेसरच्या किरणाने नेम धरू शकतो. चापाचे आडवे धनुष्य पूर्वी वृद्धांना नि अपंगांना मोकळे होते. २०१४ पासून ते सर्वांनाच मोकळे झाले.

या नियमांना हसावेसे वाटेल, पण त्यांच्या दोन्ही टोकांना एक जीव बांधलेला आहे. बाण धक्क्याने मारीत नाही. पात्याने रक्तस्राव होऊन जनावर पडते. नेम वीतभर चुकला तर हरीण जखम घेऊन झाडीत शिरते आणि कोणाला न सापडता मरते. म्हणून धूसर दिसणाऱ्याला चष्मा नाकारणे हे क्रौर्यच. उलट, साधने वाढवीत पल्ला दुप्पट केला, तर चार महिन्यांच्या हंगामाचा हिशेब कोलमडतो. अल्डो लिओपोल्ड हा थोर निसर्गचिंतक स्वतः धनुष्ये घडवीत असे. १९३५ साली बाराबूजवळच त्याने ओसाड शेत विकत घेतले, आणि शिकाऱ्याने अवजारांचा सोस आपणहून आवरावा असे कळकळीने लिहिले.

मला वाटते, वयाने नेले ते परत देणारे भिंग न्याय्य. तारुण्यातही जे कधी नव्हते ते देणारे यंत्र तेवढे न्याय्य नाही. रेषा नेमकी कुठे ओढायची, यावर मात्र दुकानात रोज वाद रंगतो.

म्हाताऱ्याला विचारले, ‘आपण कोणते भिंग वापरता?’ त्याने छिद्रातले इवलेसे भिंग दाखवले. म्हणाला, हे आहेच. पण पूर्वी मी तीस यार्डांवर बाण सोडीत असे, आता पंधरापलीकडचे हरीण जाऊ देतो. गेल्या हंगामात त्याने एकही बाण सोडला नव्हता. तरी यंदाचा परवाना त्याने पहिल्याच दिवशी काढला होता.